हाक, कासरा आणि कॅमेरा : धावत्या गाडीवरील चित्रणाविषयी काही विचार

मराठीत ‘गाडी’ हा शब्द शर्यतीच्या मोटारीस लागतो आणि शर्यतीच्या बैलगाडीसही लागतो. भाषेने एका नावाखाली आणलेली ही दोन वाहने वेगाने, बांधणीने व किंमतीने परस्परांपासून फार दूर आहेत. तथापि धावत्या गाडीत कॅमेरा बसवून तिच्यातील माणसाच्या कृतीचे चित्रण करावयाचे झाले, म्हणजे दोन्ही ठिकाणी जवळजवळ तेच प्रश्न उभे राहतात. मोटारींच्या शर्यतीत या प्रश्नांचा विचार गेली चार दशके चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचे मैदान नाही. परंतु कोकणातील सड्यांवर, भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांत आणि समुद्रकाठच्या पुळणीवर छकडे धावतात. मोटारींच्या बाबतीत मिळालेले ज्ञान या छकड्यांच्या चित्रणास कितपत उपयोगी पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला आज केवळ हौसेचे महत्त्व उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांस पुन्हा वाट करून दिली. परंतु उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे ती वाट लगेच खुली झाली नाही. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे हे कायदे वैध ठरविले. राज्याच्या नियमांनुसार धावेचे अंतर एक हजार मीटरांहून अधिक असू नये, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, चाबूक, काठी अथवा विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये, आणि शर्यतीचे चित्रण करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करावे, अशा अटी आहेत. बैलांस पीडा दिल्याचे सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या अटींचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. चाबूक गेला, काठी गेली. हाकणाऱ्याच्या हाती कासरा आणि मुखी हाक एवढेच उरले. म्हणून चित्रणाने ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तो प्रश्न एकच आहे : बैल हाकेवर धावला, की मारावर? प्रेक्षकांच्या गर्दीत तिकाटण्यावर उभा केलेला कॅमेरा धूळ, चाके व उसळणारी जनावरे उत्तम दाखवील, परंतु या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. चित्रणाची अट पुरी झाली म्हणजे चित्रणाचा हेतू साधला असे नव्हे.

मोटारींच्या शर्यतीतही आरंभी हेतू वेगळाच होता. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथील शर्यतीत चॅनल सेव्हन या दूरचित्रवाणी केंद्राने पीटर विल्यमसन यांच्या टोयोटा सेलिका मोटारीत कॅमेरा बसविला आणि धावत्या मोटारीतील दृश्य घरोघरी पोहोचविले. प्रेक्षकास चालकाच्या शेजारी बसल्याचा अनुभव द्यावा, हा त्यामागील विचार होता. पुढे कॅमेरे लहान व स्वस्त झाले, तेव्हा चालक स्वतःच्या चुका शोधण्यासाठी त्यांचा उपयोग करू लागले. वळणावर वेळ कोठे गेला हे पाहावयाचे, तर केवळ समोरचा रस्ता दिसून भागत नाही. चालकाचे हात, सुकाणूचे चक्र आणि रस्ता ही तिन्ही एका चौकटीत आली पाहिजेत. म्हणून शर्यतीच्या मोटारीत कॅमेरा बहुधा चालकाच्या मागे, दोन आसनांच्या मध्ये, सुरक्षा-पिंजऱ्याच्या आडव्या नळीवर, पुढे तोंड करून बसवितात. रॅलीच्या मोटारीत तर सहचालक पुढील वळणांची टिपणे वाचून दाखवितो आणि चालक त्याप्रमाणे हात फिरवितो. तेथे शब्द आणि हात यांचा मेळ हाच अभ्यासाचा विषय होतो. छकड्यावरील हाक आणि कासरा यांच्याशी या प्रकाराचे साम्य उघड आहे.

ज्या पद्धतीच्या शर्यतीत हाकणारा छकड्यावर स्वार असतो, तेथे हीच योजना थोड्या फरकाने लागू करता येते. मुख्य कॅमेरा छकड्याच्या मागील कडेस एका आखूड खांबावर, हाकणाऱ्याच्या खांद्याच्या किंचित वर आणि एका बाजूस सरकवून, पुढे तोंड करून बसवावा. तेथून त्याचे दोन्ही हात, कासरा, बैलांच्या पाठी आणि शेपट्या एकाच दृश्यात येतात. शेपटी पिरगाळणे किंवा टोचणे यांसारखी कृत्ये झाली किंवा झाली नाहीत, हे याच जागेवरून कळू शकते. छातीवर बांधलेला कॅमेरा हात वर गेले की ते गमावतो. डोक्यावरचा कॅमेरा मान वळेल तिकडे पाहतो. दुसरा लहान कॅमेरा छकड्याच्या पुढील कडेस, हाकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळवून बसविल्यास ओठांची हालचाल मिळते. मात्र बैलांच्या खुरांनी उडालेला चिखल प्रथम त्याच्याच भिंगावर येतो. जुवावर, शिंगांवर किंवा बैलाच्या अंगावर कोणतीही वस्तू बांधू नये. ज्या चित्रणाचा हेतू जनावराचे संरक्षण हा आहे, त्याच्यामुळे जनावरास इजा व्हावी हे विपरीत होईल.

जागा ठरल्यावर बैठकीचा विचार येतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या तांत्रिक नियमांत, मोटारीतील कॅमेऱ्याच्या बैठकीने गुरुत्वाच्या पंचवीसपट मंदन सोसले पाहिजे अशी अपेक्षा आहे. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा अशा धक्क्यात क्षणभर पावणेचार किलो वजनाइतका ओढ घेतो. बैठक तुटली तर तो हाकणाऱ्याच्या मानेवर आदळेल. म्हणून पेचाने आवळलेली धातूची पकड वापरावी आणि तिच्याखेरीज एक स्वतंत्र आखूड दोरी छकड्याच्या सांगाड्यास बांधावी. हवेच्या दाबाने चिकटणारी रबरी वाटी स्वच्छ काचेवर चांगली बसते. धुळीने माखलेल्या लाकडावर ती भरवशाची नाही. पकडीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा दांडा जितका लांब, तितका थरथराट अधिक; म्हणून तो आखूड व ताठ असावा, आणि उंची आवश्यकच असेल तर त्यास दुसऱ्या बाजूने तिरपा आधार द्यावा. वजनाबद्दल स्पर्धकांची तक्रार येणे स्वाभाविक आहे. फॉर्म्युला वन शर्यतींत ज्या जागी खरा कॅमेरा नसेल तेथे त्याच आकाराची नकली पेटी बसवितात, की ज्यायोगे कोणासही लाभ वा तोटा होऊ नये. छकड्यांच्या बाबतीतही सर्वांवर कॅमेरे तरी असावेत, किंवा नसतील तेथे तेवढेच वजन ठेवावे.

कॅमेऱ्याची निवड या सर्वांनंतर येते. येथे जाहिरातीतील आकड्यांपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे एका सेकंदात किती चित्रे घेतली जातात ती. छकड्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तर तो सेकंदास १० मीटर जातो; सेकंदास २५ चित्रे घेतल्यास दोन चित्रांच्या मध्ये ४० सेंटिमीटर अंतर निसटते, ५० घेतल्यास २०, आणि १०० घेतल्यास १०. दुसरी गोष्ट प्रत्येक चित्रासाठी झडप किती काळ उघडी राहते ही. ती सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली तर बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्यात छकडा २० सेंटिमीटर पुसट होईल. हजारावा भाग राहिली तर केवळ एक सेंटिमीटर. तिसरी गोष्ट अशी, की बहुतेक लहान कॅमेरे संपूर्ण चित्र एकाच क्षणी न टिपता ओळीओळीने टिपतात. यामुळे वेगाने फिरणाऱ्या चाकाचे आरे वाकडे दिसतात आणि थरथरणाऱ्या सांगाड्याचे चित्र लाटांसारखे हलते. चित्र स्थिर करणारी यांत्रिक बुद्धी याला उपाय वाटतो. परंतु ती क्षितिज स्थिर धरते, आणि मग कॅमेऱ्याबरोबर हलणारे हात व कासराच उलट हलल्यासारखे भासतात. हातांचा अभ्यास करावयाचा असेल तर ती बंद ठेवून बैठक मजबूत करावी, हे अधिक श्रेयस्कर.

शर्यतीचा निकाल मात्र छकड्यावरील कॅमेऱ्याने लागत नाही. त्यासाठी अंतिम रेषेच्या बरोबर सरळ रेषेत एक स्थिर कॅमेरा हवा. तो रेषेपासून एक मीटर पुढे सरकला, पलीकडची खूण त्याच्यापासून २० मीटरांवर असली आणि जवळचा छकडा १० मीटरांवरून गेला, तर त्या छकड्याच्या बाबतीत अर्ध्या मीटराची चूक होते. एवढ्या अंतराने बक्षीस या घरचे त्या घरी जाऊ शकते. उपाय सोपा आहे : रेषेच्या दोन्ही टोकांस दोन खांब रोवावेत आणि कॅमेऱ्यात ते एकमेकांआड लपतील अशी जागा साधावी. पुळणीवर धाव किनाऱ्याला समांतर, म्हणजे साधारणपणे दक्षिणोत्तर असते; तेथे दुपारनंतर हा कॅमेरा समुद्राच्या बाजूस ठेवल्यास सूर्य पाठीशी येतो. भरतीची वेळ तेवढी आधी पाहिली पाहिजे.

आता ध्वनीचा प्रश्न राहिला. आणि भाषेच्या अभ्यासकाला तोच सर्वांत जवळचा आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटरांवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यात हाक अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचते, आणि हात मात्र तत्काळ दिसतो. अशा चित्रणावरून ‘आधी कासरा ओढला, मग हाक दिली’ असा निष्कर्ष काढणारा मनुष्य प्रामाणिकपणे चुकेल. म्हणून हाक छकड्यावरच ध्वनिमुद्रित झाली पाहिजे. कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहक सांगाड्याची खडखड आणि वारा यांनीच भरून जातो. यास्तव हाकणाऱ्याच्या गळपट्टीस केसाळ आवरणाचा लहान ध्वनिग्राहक लावून त्याचे मुद्रण खिशातील स्वतंत्र यंत्रात करावे. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर ध्वनिक्षेपकावरील समालोचन वाढताच हाक दबते. धावेच्या आरंभी व शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजविली, म्हणजे चित्र आणि ध्वनी पुढे जुळविता येतात. दोन टाळ्यांमुळे दोन यंत्रांच्या घड्याळांतील फरकही लक्षात येतो.

या खटाटोपाचे भाषिक फळ थोडे नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणातील संगमेश्वरी, बाणकोटी इत्यादी बोलींची दखल आहे. परंतु त्या सर्वेक्षणाने नमुना म्हणून मुख्यतः घेतली ती उधळ्या मुलाची गोष्ट. स्वस्थ बसून सांगितलेल्या गोष्टीत काम करणाऱ्या माणसाची भाषा येत नाही. बैल हाकताना जिभेने काढलेला ‘टक्’ असा ध्वनी मराठीच्या वर्णमालेत नाही; ‘हुर्र’ मधील र किती वेळ कंप पावतो हे देवनागरी लेखन सांगू शकत नाही; आणि बैलाच्या नावाच्या अंत्य स्वराची लांबी त्याला हुकूम आहे की शाबासकी, हे कागदावर उमटत नाही. चेहरा, हात आणि ध्वनी ही एकत्र मिळाली, तर आम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्राट’ या साधनाने ध्वनीचे विश्लेषण, आणि नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेच्या ‘एलान’ या साधनाने चित्राशी त्याची जुळणी करता येते. सेकंदास ५० चित्रे असल्यास हाक आणि कासरा यांतील क्रम सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत ठरविता येतो.

शेवटी जतनाविषयी. सेकंदास १०० मेगाबिट या प्रमाणात मुद्रण केल्यास मिनिटाला ७५० मेगाबाइट जागा लागते. १२८ गिगाबाइटच्या पत्रीत पावणेतीन तासांहून थोडे अधिक चित्रण मावते. कॅमेऱ्याचे घड्याळ शर्यतीपूर्वी लावून घ्यावे, मूळ धारिकेत कोणतीही काटछाट करू नये आणि प्रतीवरच काम करावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात धारिकेचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावयाचे असते. धारिकेत तिळाएवढा बदल झाला तरी हे मूल्य बदलते. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत कॅमेरे व भिंगे ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत, आणि जांभ्याची तांबडी धूळ भिंगावरून फडक्याने न पुसता प्रथम फुंकून उडवावी, अन्यथा चरे पडतात.

कोणता कॅमेरा घ्यावा, असा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. वरील विवेचनावरून ध्यानात येईल की तो शेवटी विचारावयाचा प्रश्न होय. प्रथम काय जाणून घ्यावयाचे ते ठरते, त्यावरून जागा ठरते, जागेवरून बैठक, आणि बैठकीवरून कॅमेरा. हा क्रम पाळला, तर ज्या गाडीवानाने बैलास न मारता केवळ आवाजाने पळविले त्याच्या बाजूने एक निःपक्षपाती साक्षीदार उभा राहील. ज्याने मारले त्याच्याविरुद्धही तोच उभा राहील. आणि हाकेची जी भाषा आजवर वाऱ्यावर विरून गेली, ती अभ्यासकांच्या हाती प्रथमच लागेल.