लोकविद्विष्ट धर्म : कल्याणनगरीतील एक प्रश्न

नीती सत्य असेल तर ती लोकांच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसते, असे एक मत आहे; लोकांच्या मनोभावनेवाचून नीतीला दुसरा आधारच नाही, असे दुसरे. हा वाद आपण बहुधा कांट आणि ह्यूम यांच्या नावांनी शिकतो. परंतु बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची जुनी कल्याणनगरी, हिने तो फार पूर्वी पाहिला आहे. एकदा शास्त्रग्रंथात आणि एकदा रस्त्यावर.

सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (1076–1126) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्याचे गाव मानले जाते. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चालला. इतरत्र बहुतेक ठिकाणी वारसाच्या तंट्यांत मिताक्षराच प्रमाण ठरली.

आपला प्रश्न तिच्या वाटणीच्या प्रकरणातच उद्भवतो. थोरल्या भावास आधी विसावा भाग काढून द्यावा, मधल्यास त्याच्या निम्मा, धाकट्यास चौथाई, असे मनूचे वचन आहे. विज्ञानेश्वर ते खोटे ठरवीत नाही. ते शास्त्रात आहे हे तो मान्य करतो आणि तरीही आचरू नये म्हणतो. कारण ते लोकविद्विष्ट, लोकांना तिटकारा वाटणारे, झाले आहे. श्रोत्रिय पाहुण्यासाठी बैल मारण्याचा विधी शास्त्रात असूनही कोणी करीत नाही, तसेच हे. वचन प्रमाण राहते, त्याचे बंधन मात्र गळून पडते! सत्य आणि कर्तव्य यांची इतकी शांत फारकत क्वचितच आढळेल.

पण हे ‘लोक’ कोण? विक्रमादित्याच्या मृत्यूला अर्धे शतकही लोटले नव्हते, तोच 1167 च्या सुमारास याच नगरीत हरळय्या या चर्मकाराच्या मुलाचा मधुवरस या जन्माने ब्राह्मण असलेल्या शरणाच्या मुलीशी विवाह झाला. बसवेश्वरांच्या अनुयायांच्या दृष्टीने दोन्ही घरे लिंगदीक्षित, म्हणून समान. विवाहात अधर्म नव्हता. नगरीतील प्रतिष्ठितांना तो असह्य झाला. बिज्जळाने दोन्ही पित्यांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेऊन मारविले, असे शरण-परंपरा सांगते. मिताक्षरेची कसोटी जशीच्या तशी लावली तर हा विवाहही त्याज्यच ठरेल. धाकट्या भावाला न्याय देणारी कसोटी हरळय्याच्या घरावर उलटते.

मला वाटते, तिटकारा हा निर्णय नव्हे, साक्ष आहे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. विषम वाटणीचा तिटकारा ज्याचे नुकसान होते त्याच्या वतीने बोलतो. कल्याणातील तिटकारा स्वतःच्या उच्चपणाच्या वतीने बोलत होता. 1759 मध्ये अ‍ॅडम स्मिथने निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना मांडली ती याच अडचणीपोटी. मात्र हा भेद विज्ञानेश्वराच्या पदरी बांधणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याने उद्धृत केलेले नियोगाचे उदाहरण या चौकटीत नीट बसत नाही, आणि नुकसान हीच खरी कसोटी असेल तर लोकांना विचारण्याचे कारणच उरत नाही.

मिताक्षरेने पुत्राला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. मुलीला तो देशभर मिळण्यास 2005 ची कायदादुरुस्ती यावी लागली. तरीही अनेक घरांत, मराठी काय नि कन्नड काय, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी अशीच अपेक्षा असते. तिने वाटा मागणे, हेच तेथे लोकविद्विष्ट आहे.