मोटारीचा साक्षीदार : डॅश कॅमेरा निवडावा कसा ?

रस्त्यावर दोन वाहनांची टक्कर झाली, कीं पहिल्या पांच मिनिटांत तेथें दोन हकीकती जन्मास येतात. एका चालकाच्या मतें समोरचा भरधांव येत होता. दुसऱ्याच्या मतें पहिल्यानेंच आपली बाजू सोडली होती. भोंवतीं जमलेल्या माणसांपैकीं बहुतेकांनीं आवाज ऐकून मान वळविलेली असते. म्हणजे त्यांनीं टकरेचा परिणाम पाहिलेला असतो, टक्कर नव्हे. पुढें पोलीस, विमा कंपनी आणि न्यायालय यांना याच अपुऱ्या शब्दांतून सत्य शोधावें लागतें.

बुलढाणा जिल्ह्यानें या उणीवेचा अनुभव मोठी किंमत देऊन घेतला आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर समृद्धि महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपुराहून पुण्याकडे जाणारी खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यु पावले. चालकानें टायर फुटल्याचें सांगितलें. परिवहन खात्याच्या पाहणींत टायर फुटल्याची खूण आढळली नाहीं. अशा वेळीं त्या शेवटच्या दहा-बारा सेकंदांत काय घडलें, हें तटस्थपणें सांगणारें कोणी असावें, असें सर्वांसच वाटतें. डॅश कॅमेरा हा असा सांगणारा आहे. मोटारीच्या पुढच्या कांचेमागें बसविलेला हा लहानसा कॅमेरा एंजिन सुरू होतांच रस्त्याचें चित्रण करूं लागतो व कार्ड भरलें, कीं सर्वांत जुनें चित्रण पुसून त्याजागीं नवें लिहीत जातो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांत चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हां तेथील मोटारींतल्या असल्याच कॅमेऱ्यांनीं ती टिपली आणि त्या चित्रणांच्या साह्यानें शास्त्रज्ञांनीं उल्केचा मार्ग ठरविला. कोणी मुद्दाम न पाहिलेली गोष्टहि हें यंत्र पाहून ठेवतें, तें असें.

देऊळघाटासारख्या गांवीं या यंत्राचें काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. पैनगंगेच्या कांठचें हें गांव बुलढाण्यापासून जवळ आहे. येथून निघालेली मोटार बुलढाण्यावरून मलकापुराकडे वळली, तर राजूर घाटाचीं वळणें उतरते. खामगांवाकडे गेली, तर बोथ्याच्या अरण्यांतून जाते. दक्षिणेस सिंदखेड राजाकडे गेली, तर समृद्धि महामार्गास मिळते. यांतील पहिल्या दोन वाटांवर कित्येक मैल ना दुकान, ना वस्ती. शहरांतील चौकांत सरकारी कॅमेरे असतात; येथें मोटारीनें आपला साक्षीदार आपल्याबरोबरच न्यावा लागतो.

शिवाय हा साक्षीदार मालकापुरताच उपयोगी पडतो असें नाहीं. एखादा पायीं चालणारा मजूर रात्रीं वाहनाखालीं सांपडला आणि वाहन पळून गेलें, तर १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें मृताच्या वारसांस २ लक्ष रुपये व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. तेंच वाहन ओळखलें गेलें, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचें वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें लक्षांत घेऊन भरपाई ठरवितें. ती बहुधा या रकमेहून पुष्कळ मोठी असते. या दोहोंमधील अंतर म्हणजे पाटीवरील दहा अक्षरें व अंक. मागून येणाऱ्या अनोळखी मोटारीच्या कॅमेऱ्यानें ते दहा टिपले, तर एका घराचें भवितव्य पालटतें. म्हणून कॅमेरा निवडतांना पहिला प्रश्न एकच : याला पाटी वाचतां येते काय ?

बाजारांत तीन-चार हजार रुपयांपासून वीस हजारांपलीकडे किंमतीचे कॅमेरे मिळतात, आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर मोठमोठे आंकडे असतात. त्यांचा अर्थ साध्या गणितानें उमगतो. ‘फुल एचडी’ चित्राच्या रुंदींत १९२० बिंदु असतात. भिंगाचा आवांका १४० अंशांचा धरला, तर एका अंशाच्या वांट्यास सुमारे १४ बिंदु येतात. मोटारीची नंबराची लांबट पाटी ५०० मिलिमीटर रुंद असते; दहा मीटरांवरून ती तीन अंशांहूनहि कमी जागा व्यापते, म्हणजे तिला सुमारे ३९ बिंदु मिळतात. ‘एमएच २८’ पासून शेवटच्या अंकापर्यंत दहा खुणा त्यांत बसवावयाच्या, तर प्रत्येकीच्या वांट्यास चार बिंदूहि येत नाहींत. एवढ्यावरून ३ आणि ८ यांतील फरक कळणें अवघड. ‘फोर के’ चित्रांत हीच रुंदी ३८४० बिंदूंची असल्यामुळें प्रत्येक खुणेस आठांच्या जवळपास बिंदु मिळतात, व तेथून वाचन शक्य होऊं लागतें. म्हणजे फुल एचडी कॅमेरा जें पांच मीटरांवरून वाचतो, तें फोर के कॅमेरा दहा मीटरांवरून वाचतो. यावरूनच दुसरी गोष्ट निघते : भिंगाचा आवांका जितका अधिक, तितकी पाटी लहान. १७० अंशांची जाहिरात पाहून भुलूं नये. १३० ते १४० अंश पुरेसे आहेत. तसेंच, कांहीं स्वस्त कॅमेरे कमी बिंदूंचें चित्र ताणून त्यास फोर के म्हणवितात. खऱ्या फोर के चित्रास सुमारें ८३ लक्ष बिंदूंचा सेन्सर लागतो. माहितीपत्रकांत तो आंकडा आहे कीं नाहीं, तें पाहावें.

रात्रीं मात्र केवळ बिंदूंची संख्या उपयोगी पडत नाहीं. उजेड थोडा असला, कीं कॅमेऱ्यास प्रत्येक चित्रासाठीं डोळा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्या समोरासमोर येत असतां सेकंदाच्या तिसाव्या भागांत त्यांच्यामधील अंतर मीटरभरानें कमी होतें. मग पाटीवरील अंक एकमेकांत मिसळतात, त्यांत समोरच्या दिव्यांचा झोत! यासाठीं मोठा सेन्सर, एफ १.८ किंवा त्याहून कमी आंकड्याचें भिंग, आणि झगझगीत व काळोखे भाग एकत्र सांभाळणारी एचडीआरची सोय, हीं तीन लक्षणें पाहावीं. तरीहि चित्र चुकूं शकतें. म्हणून अनुभवी चालक पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर मोठ्यानें उच्चारतात. डोळ्यास न दिसलेलें कॅमेऱ्याच्या कानास ऐकूं जातें.

साक्षीदाराची प्रकृतीहि निकोप हवी. बुलढाणा-देऊळघाटाचा मुलूख ‘घाटावर’चा, त्यामानानें थंड, परंतु मलकापूर, नांदुरा, शेगांव हा ‘घाटाखाल’चा प्रदेश वैशाखांत पोळतो. तेथें उन्हांत बंद उभ्या केलेल्या मोटारीच्या कांचेमागें उष्णता ७० अंशांपर्यंत चढूं शकते. ज्या कॅमेऱ्यांत लिथियमची बॅटरी असते, ती अशा उष्णतेनें फुगते व निकामी होते. बॅटरीऐवजीं सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा आपल्या हवेस मानवतो. तो वीज फार वेळ सांठवीत नाहीं. मात्र टकरेंत गाडीची वीज तुटली, तर चालू चित्रण नीट मिटून ठेवण्यापुरता दम त्याच्यांत असतो, आणि नेमका तेवढाच हवा असतो.

त्यानंतर स्मरणशक्ति. फुल एचडी चित्रणास तासाला साधारण ६ ते ७ जीबी जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डांत नऊ-दहा तास मावतात, फोर के चित्रणाचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. कार्डावर सारखें लिहिणें-पुसणें चालत असल्यामुळें साधें कार्ड लवकर झिजतें; ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून विकलें जाणारें कार्डच घ्यावें आणि महिन्यांतून एकदां तें कॅमेऱ्यांतच फॉरमॅट करावें. धक्का बसतांच त्या वेळचें चित्रण कुलूपबंद करणारा जी-सेन्सर बहुतेक कॅमेऱ्यांत असतो; परंतु त्याच्या भरंवशावर राहूं नये. अपघातानंतर जखमींस मदत मिळाल्यावर प्रथम कॅमेरा बंद करावा व कार्ड काढून जपून ठेवावें; नाहीं तर घरीं पोंचेपर्यंत साक्षीदारानें आपली साक्ष आपणच पुसलेली असावयाची !

साक्षीचें मोल घड्याळावरहि असतें. उपग्रहावरून वेळ, स्थान व वेग घेणारी जीपीएसची सोय थोडे अधिक पैसे देऊन घेण्याजोगी आहे. ती नसल्यास कॅमेऱ्याचें घड्याळ दर महिन्यास स्वतः जुळवावें. वेळेचा वाद किती दूर जातो, हें शेजारच्या जालना जिल्ह्यानें दाखविलें. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत तेथील उमेदवारी अर्ज दुपारीं ३ च्या मुदतींत पोंचले कीं नाहींत, या वादांत निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील कॅमेऱ्यांचें चित्रण पुढें आलें. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ जुलै २०२० रोजीं अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालांत न्यायालयानें ठरविलें, कीं अशा चित्रणाची नक्कल पुढें करावयाची, तर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र हवेंच. मूळ यंत्रच हजर करून मालकानें साक्षीस उभें राहिल्यास त्याची गरज नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमांतहि हें प्रमाणपत्र आहे. त्याचा एक भाग यंत्र बाळगणाऱ्यानें व दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो. याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, कीं मूळ कार्ड हा खरा ऐवज आहे. त्यांतील चित्रण काटछांट करून मित्रमंडळींत फिरविणें म्हणजे आपला पुरावा आपणच दुबळा करणें होय.

बसविण्याची जागाहि महत्त्वाची. आरशाच्या मागें, चालकाच्या नजरेआड न येणारी आणि वायपरनें पुसली जाणारी जागा उत्तम. तार खांबावरून नेतांना तेथील एअरबॅगच्या वाटेंत येणार नाहीं, इतकें मेकॅनिकास बजावावें. उभ्या गाडीवरहि पहारा हवा असेल, तर गाडीच्या बॅटरीचा दाब घसरतांच आपोआप बंद होणारी जोडणी करून घ्यावी. अन्यथा सकाळीं पहारेकरी जागा आणि गाडी निजलेली!

शेवटीं एक गोष्ट मनाशीं धरूनच हा कॅमेरा घ्यावा. खरा साक्षीदार कोणाचा मिंधा नसतो. समोरच्याची चूक तो सांगेल, तशीच मालकाचीहि सांगेल. घाटांतील वळणावर घाईनें पुढें काढलेली गाडी, ओलांडलेली वेगमर्यादा, हातांतील मोबाईलवर चाललेलें बोलणें, सारें त्याच्यापाशीं नोंदलेलें असतें. गाडींत बसलेल्या पाहुण्यांचा आवाजहि तो ऐकतो. म्हणून तशी कल्पना त्यांस अगोदर द्यावी. ज्यास ही अट जाचक वाटते, त्यानें कॅमेऱ्याआधीं आपली चालविण्याची रीत तपासावी.

दुकानांत परीक्षाहि सोपी आहे. वेष्टनावरचे आंकडे बाजूस ठेवून त्याच कॅमेऱ्याचें रात्रींचें मूळ चित्रण दाखविण्यास सांगावें, पडद्यावर तें थांबवावें आणि दहा पावलांवरील गाडीची पाटी वाचून पाहावी. वाचतां आली, तर तो कॅमेरा घ्यावा. न आली, तर कॅमेरा कितीहि देखणा असो, वेळ येईल तेव्हां तो एवढेंच सांगेल, कीं कोणी तरी होतें, आणि तें निघून गेलें.