प्रवेश मोजणारं शहर

केंद्रीय शिक्षण मंत्रालय देशभरातल्या उच्च शिक्षणाची पाहणी करतं. तिच्या 2021-22 च्या अहवालात सर्वाधिक कॉलेजं असलेल्या जिल्ह्यांची यादी आहे आणि त्या यादीत पहिलं नाव बेंगळुरू शहर जिल्ह्याचं आहे. तिथे 1106 कॉलेजं आहेत. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूरमध्ये 703, हैदराबादमध्ये 491 आणि विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या आपल्या पुण्यात 475. 2011 च्या जनगणनेत बेंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 96 लाख होती, पुणे जिल्ह्याची सुमारे 94 लाख. माणसं जवळपास तेवढीच, कॉलेजं मात्र दुपटीहून जास्त. अख्ख्या कर्नाटकात 4430 कॉलेजं आहेत. त्यातला चौथा हिस्सा या एका जिल्ह्यात आहे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूरकडच्या आणि बेळगाव, निपाणी, बिदर, भालकीकडच्या कितीतरी घरांत बारावीच्या निकालानंतर ‘पुणे की बेंगळुरू’ ही चर्चा होते. अशा वेळी वरचे आकडे फार वजनदार वाटतात. पण मुलाला चार वर्षांसाठी परगावी पाठवणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. आत गेलेल्या शंभर मुलांपैकी वेळेत पदवी घेऊन किती बाहेर पडतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे त्यांना हवं असतं. बेंगळुरूत प्रवेशाचा हिशेब चोख ठेवला जातो. बाहेर पडणाऱ्यांचा हिशेब मात्र विखुरलेला आहे आणि तो शोधून काढावा लागतो.

एवढी कॉलेजं एका ठिकाणी कशी जमली, याची कहाणी जुनी आहे. 1858 मध्ये सुरू झालेल्या सरकारी हायस्कूलचं 1875 मध्ये सेंट्रल कॉलेज झालं. 1909 मध्ये टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. 1917 मध्ये विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. इथपर्यंत पुढाकार मुख्यतः सरकारी. 1946 मध्ये बी. एम. श्रीनिवासय्यांनी बसवनगुडीत खासगी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, 1953 मध्ये मणिपालला खासगी मेडिकल कॉलेज आलं आणि कर्नाटकाचा रस्ता वेगळा झाला. मठ, जातिसंस्था, उद्योजक, राजकारणी अशा सगळ्यांनी ट्रस्ट काढले. महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली ती 1983 मध्ये. तोवर डोनेशन भरून मुलाला इंजिनिअर करायचं, तर आपल्याकडच्या कुटुंबांना कर्नाटकाची वाट धरावी लागे.

त्या डोनेशनला आवर घालण्यासाठी कर्नाटकाने 1984 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. कायद्याखाली सरकारने 1989 मध्ये खासगी मेडिकल कॉलेजांची वार्षिक फी ठरवून दिली, ती अशी: सरकारी जागेवर 2000 रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना 25,000 रुपयांपर्यंत आणि परराज्यातल्या मुलांना 60,000 रुपयांपर्यंत. मेरठच्या मोहिनी जैन याच साठ हजारांवरून सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि कॅपिटेशन फी बेकायदा ठरवणारा 1992 चा गाजलेला निकाल आला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात खासगी कॉलेजांतल्या जागाही गुणवत्तेनुसार भरण्याचा निकाल लागला आणि 1994 पासून कर्नाटकात सीईटीने प्रवेश सुरू झाले. नियम अनेकदा बदलले, पण रचनेचा गाभा टिकला. सरकारी कोट्यातली जागा स्थानिक मुलाला कमी फीत, बाहेरच्याला कॉमेडके या खासगी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेतून जास्त फीत आणि मॅनेजमेंट कोट्यात त्याहून जास्त. त्यामुळे परराज्यातला विद्यार्थी या शहरातल्या कॉलेजांच्या ताळेबंदाचा महत्त्वाचा भाग होऊन बसला. सीमाभागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून सीईटीच्या सरकारी जागांवर दावा करता येतो. बिदर, कलबुर्गीकडच्या मुलांना घटनेच्या 371 (जे) कलमाखाली राज्यभरातल्या संस्थांत आठ टक्के जागा आहेत. अनेक घरांना हे प्रवेशाची मुदत उलटून गेल्यावर कळतं.

परराज्यातल्या मुलांमुळे आकड्यांचं काय होतं, तेही पाहायला हवं. 2021-22 मध्ये उच्च शिक्षणातलं ढोबळ नोंदणी प्रमाण देशात 28.4 होतं, कर्नाटकात 36.2 आणि महाराष्ट्रात 35.3. हे प्रमाण काढताना राज्यातल्या कॉलेजांत शिकणारी सगळी मुलं वर धरतात आणि त्या राज्यातली 18 ते 23 वयाची लोकसंख्या खाली. कोट्टायमहून नर्सिंगला आलेली मुलगी किंवा गुवाहाटीहून बी.कॉम.ला आलेला मुलगा वरच्या संख्येत मोजला जातो, खालच्या संख्येत नाही. म्हणून हा आकडा वाढला म्हणजे बेंगळुरूच्या सरकारी शाळेतली, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात किंवा होसूर रोडवरच्या गारमेंट युनिटमध्ये राबणाऱ्या आईची मुलगी कॉलेजात पोचली, असा अर्थ काढता येत नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी बस मोफत झाली. केंगेरीच्या मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी कॉलेजात जायला आता तिकिटाची अडचण राहिली नाही. पण तिचा प्रवेश आणि परराज्यातल्या मुलाचा प्रवेश या आकड्यात एकाच रांगेत बसतात.

दुसरी गोष्ट कॉलेजांच्या आकाराची. देशात कॉलेजामागे सरासरी 709 विद्यार्थी आहेत, असं हाच अहवाल सांगतो. विनाअनुदानित खासगी कॉलेजं एकूण कॉलेजांच्या 65.3 टक्के आहेत, पण त्यांच्यात विद्यार्थी 44.6 टक्केच. उलट सरकारी कॉलेजं 21.5 टक्के असून त्यांच्यावर 34.8 टक्के विद्यार्थ्यांचा भार आहे. अठरा ते तेवीस वयाच्या लाख मुलांमागे कर्नाटकात 66 कॉलेजं आहेत, देशात 30. कॉलेजं इतकी दाट असली की लहान कॉलेजांचं प्रमाणही वाढतं. इमारतीचा एखादा मजला, बी.कॉम. आणि बीसीए, फार तर बीबीए. अशा ठिकाणी ग्रंथालय नावापुरतं असतं आणि शिक्षक दर वर्षी बदलतात. शिक्षकांची ओढाताण सरकारी बाजूलाही आहे. राज्याच्या चारशेहून अधिक सरकारी पदवी कॉलेजांचा डोलारा दहा हजारांच्या वर अतिथी व्याख्यात्यांवर उभा आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे सीएचबीवाले, तिकडे अतिथी व्याख्याते; नोकरीची अनिश्चितता तीच. 2023 च्या नोव्हेंबरात ते संपावर गेले आणि वर्ग आठवडेच्या आठवडे ओस पडले. ज्याला शिकवणारं माणूस पुढच्या सत्रात टिकणार की नाही हे माहीत नाही, तो विद्यार्थी मधेच सुटला तर नवल नाही.

त्यात अभ्यासक्रमाचे धक्के. 2021 मध्ये कर्नाटकाने राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार चार वर्षांची पदवी आणली. सरकार बदललं, राज्याचं स्वतंत्र धोरण आखायला आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर मे 2024 मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळलं. या आयोगाचे अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. पदवीचं चौथं वर्ष गरीब घरांना झेपत नाही, या मुद्द्यात तथ्य आहे, आणि तो त्या घरांची स्थिती आयुष्यभर अभ्यासलेल्या माणसाने मांडला याला मी महत्त्व देतो. पण मधल्या तीन तुकड्या एका चौकटीत शिकल्या आणि त्यांच्या पाठोपाठची तुकडी दुसऱ्या. त्या मुलांचं पुढे काय झालं, याचा माग कोणी घेतला पाहिजे की नाही?

पाहणीतून तो घेता येत नाही. पाहणी वर्षातून एकदा विचारते की सध्या पटावर किती आहेत आणि यंदा किती उत्तीर्ण झाले. दुसऱ्या वर्षात एक मुलगा सुटला आणि दुसरीकडून एक मुलगी आली, तर पट जसाच्या तसा. शिवाय 2021-22 चा अहवाल बाहेर आला तो जानेवारी 2024 मध्ये. तोवर त्या वर्षी शेवटच्या वर्गात असलेली मुलं कामाच्या शोधात कुठल्या कुठे पांगलेली असतात.

मग पालकांनी बघायचं काय? एक जागा आहे आणि ती फुकट आहे. केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक बाजूला ठेवा, ती पीडीएफ उघडा. तिच्यात एक आडवा तक्ता असतो. मंजूर जागा किती, पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष प्रवेश किती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले किती, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवणारे किती, नोकरी लागलेले किती, त्यांचा मध्यक पगार किती आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले किती. समजा, प्रवेश 600 आहेत, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले 60 आणि मुदतीत पदवीधर 430. म्हणजे 660 पैकी 230 मुलं बॅकलॉगमध्ये अडकली, सोडून गेली किंवा मागे राहिली. समजा, नोकरी लागली 240 जणांना. जाहिरातीत टक्केवारी देताना कॉलेज बहुधा 240 ला ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ मुलांच्या संख्येने भागतं, 660 ने नाही. मध्यक पगार म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधल्या मुलाला मिळणारा पगार. होसूर रोडच्या फलकावर झळकणारं पन्नास लाखांचं पॅकेज एकाच मुलाचं असेल, तर मध्यकाला त्याने धक्काही लागत नाही. माहिती संस्थेनेच भरलेली असते, तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सलग तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की बरंचसं खरं-खोटं कळतं. आणि जे कॉलेज क्रमवारीत भागच घेत नाही, त्याच्याकडे हे आकडे लेखी मागावेत. भाग घेणं ऐच्छिक आहे आणि शहरातल्या लहान कॉलेजांची गोची नेमकी तिथेच आहे.

प्रवेशाच्या बाजूला पैसा किती आहे, हे 2024 मध्ये दिसलं. काही मुलांच्या नावाने सरकारी कोट्यातल्या जागा अडवायच्या, त्यांनी प्रवेशच घ्यायचा नाही आणि रिकामी जागा शेवटी कॉलेजाकडे परत जाऊन मॅनेजमेंट दराने विकली जायची, असा संशय आल्यावर कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने मल्लेश्वरमच्या पोलिसांकडे तक्रार केली. अटक झालेल्यांत प्राधिकरणाचाच एक कर्मचारी होता. 2024-25 पासून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने इंजिनिअरिंग शाखांमधल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि कॉम्प्युटर सायन्सच्या तुकड्या वाढवण्याची घाई सुरू झाली. मागणी आहे म्हणून जागा वाढवल्या, असं कॉलेजं म्हणतात. ती मागणी प्रवेशाच्या दिवशीची आहे. कंपन्यांची भरती चार वर्षांनंतरची असते.

बाहेर पडणाऱ्यांबद्दल सगळ्यात स्पष्ट बोललं आहे ते याच शहरातलं एक विद्यापीठ. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवालात देशातल्या 25 वर्षांखालच्या पदवीधरांचं बेकारीचं प्रमाण 42.3 टक्के दिलं आहे. 30 ते 34 वयात ते 9.8 टक्क्यांवर येतं, पस्तिशीनंतर पाचाखाली. म्हणजे पदवीधराला शेवटी काहीतरी काम मिळतं. पण मिळेपर्यंतची वर्षं घराच्या पैशावर काढावी लागतात. कोरमंगला किंवा बीटीएमच्या पीजीत खाट घेऊन सहा महिने मुलाखती देत राहणं ज्याला परवडतं, तो शिक्षणाला साजेशा कामापर्यंत पोचतो. ज्याला परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो किंवा गावी परततो. दोघांची पदवी एकच, गुणही एकसारखे असू शकतात. ही मधली वर्षं कोणत्याही कॉलेजाच्या माहितीपत्रकात नसतात आणि वंचित घरातल्या मुलांचं नुकसान मुख्यतः इथेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

पदवीनंतरच्या या वर्षांचा माग काढायला लागणारी माहिती कर्नाटक सरकारच्या हाती आहे. 12 जानेवारी 2024 रोजी शिवमोग्यात ‘युवा निधी’ योजना सुरू झाली. उत्तीर्ण होऊन सहा महिने काम न मिळालेल्या पदवीधरांना तिच्यात महिना 3000 रुपये आणि डिप्लोमाधारकांना 1500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं, मिळतात. अर्जासोबत पदवी पडताळली जाते, त्यामुळे कॉलेज आणि वर्ष नोंदलं जातं. आपल्याला अजून काम मिळालेलं नाही, असं लाभार्थ्याला ठरावीक मुदतीने जाहीरही करावं लागतं. कोणत्या कॉलेजातली कोणत्या विषयाची किती मुलं किती महिने कामाविना राहिली, हे या नोंदीतून काढता येतं. मुलांची नावं वगळून, कॉलेजवार आणि विषयवार हे आकडे सरकारने दर वर्षी द्वितीय पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, निकालाआधी जाहीर करावेत. सीईटीच्या पसंतिक्रमाचा अर्ज भरताना फीचा तक्ता जसा समोर असतो, तसाच हाही असायला हवा.