बॅकअप रांगतोय? डिस्क घेण्याआधी आयआरक्यू बघा

दुकानातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून मी घरी बॅकअप सर्व्हर केलाय. ऐन दिवाळीत बिलांचा बॅकअप रांगायला लागला. मी नवी डिस्क घ्यायला निघालोच होतो! लॉगमध्ये दिसलं: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड'. म्हणजे दारावरची बेल वाजतेय, पण कुठलाच ड्रायव्हर उठत नाही. एक लाखातल्या ९९,९०० हून जास्त बेल अशा वाया गेल्या की कर्नल ती लाइनच बंद करतो. प्रोकमधली इंटरप्ट्स फाइल उघडली, तर लॅन कार्ड आणि डिस्क कंट्रोलर दोघंही १६ वर. पीसीआयमध्ये लाइन वाटून घेणं चालतं, पण इथे जमत नव्हतं. पीसी बंद करून कार्डाचा स्लॉट बदलला, बायोसमधून बिनकामाचं साउंड बंद केलं. खर्च शून्य. हो, कॅबिनेट उघडण्याआधी बिलं पेनड्राइव्हवर घेतली होती.