चार आया जमल्या की…

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलची मुलं पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या आया जमल्या की मन हलकं होतं. पण मैत्रिणींनो, तिथंही काही पथ्यं पाळावीत बरं का!

‘माझ्या बाळाला या गोळीनं गुण आला, तूही दे,’ असं सांगू नये. हायड्रॉक्सियुरियाची मात्रा डॉक्टरच ठरवतात. ताप आला, धाप लागली, तर सल्ले विचारत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. हा आजार आईबाप दोघांकडून येतो. एकट्या आईला बोल लावू नये.

आणि कुणाची मुलगी ‘वाहक’ आहे, हे तिथंच ठेवावं. वाहक म्हणजे रोगी नव्हे. लग्नाआधी तपासणी मुलामुलीची, दोघांचीही व्हावी. पण तिची गोष्ट तिनंच सांगायची. गावभर झाली, तर ती माउली पुन्हा तोंड उघडायची नाही.