पत्रिकेतले नऊ आणि आकाशातले सहा हजार

गेल्या माघ महिन्यात आम्ही मुलचेऱ्याला गेलो होतो. चंद्रपूरहून गोंडपिपरी, पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी आणि तिथून जंगलाच्या रस्त्याने मुलचेरा. निमित्त सोयरिकीचे होते. आमच्या नात्यातली मुलगी नर्सिंग शिकलेली, मुलगा नोकरीवाला, दोन्ही घरे बौद्ध. बोलणी जवळजवळ ठरली होती. आम्ही पोचलो त्याच दिवशी मुलाकडून निरोप आला, "मुलीला मंगळ आहे म्हणतात. घरची म्हातारी माणसे ऐकत नाहीत."

म्हणजे कोणीतरी गुपचूप जन्मवेळ विचारून नेली होती आणि पत्रिका मांडून घेतली होती. आपल्याच घरांत हे चालते, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. पण झाकून ठेवून उपयोग नाही.

रात्री जेवणे झाली आणि वीज गेली. सगळे अंगणात येऊन बसलो. चहूकडे रान, दिव्याचा मागमूस नाही, त्यामुळे आकाश चांदण्यांनी नुसते भरून गेले होते. नवऱ्या मुलीची धाकटी बहीण दहावीत शिकते. तिने एकदम विचारले, "मामाजी, बाकीच्या चांदण्यायले बी ग्रह असतेत का जी? मंग त्यायचा दोष कोनाले लागते?"

पोरीने बोलता बोलता लाखमोलाचा प्रश्न विचारला. त्या रात्री तिला जे सांगितले, तेच येथे वाचकांसाठी लिहीत आहोत.

नऊमध्ये खरे ग्रह किती?

आधी पत्रिकेतल्या नवग्रहांचाच हिशेब पाहू. त्यातला सूर्य हा ग्रह नव्हे, तो तारा आहे. चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह आहे. राहू आणि केतू या तर वस्तूच नाहीत. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग आकाशात जिथे एकमेकांना छेदतात, ते दोन नुसते बिंदू आहेत. उरले पाच : बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. आणि ज्या ग्रहावर आपण घर बांधून राहतो, ती पृथ्वी त्या यादीत नाहीच.

ज्या मंगळाला लोक भितात, त्याच्याकडे आपल्या देशाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान सोडले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती फिरू लागले आणि पुढे आठ वर्षे काम करीत राहिले. त्याने मंगळाचे डोंगर, दऱ्या आणि धुळीची वादळे टिपली. कोणाच्या मुलीचे लग्न अडविण्याचे काही सामान तिथे आढळले नाही.

न दिसणारा ग्रह कसा सापडतो?

आता पोरीच्या प्रश्नाकडे येऊ. होय, दुसऱ्या ताऱ्यांनाही ग्रह असतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह स्वित्झर्लंडच्या मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या दोघांनी ६ ऑक्टोबर १९९५ रोजी जाहीर केला. त्यासाठी त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

हे ग्रह सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. तारा फार तेजस्वी आणि ग्रह त्याच्या पदराआड. मग युक्ती काढावी लागते. बाप पोराचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवतो, तेव्हा बापही थोडा मागे झुकतो, हे आपण पाहिलेले असते. अंधारात पोर दिसले नाही तरी बापाच्या डोलण्यावरून कळते की हाताला कोणीतरी आहे. ग्रहही ताऱ्याला असेच डोलवतो. आपला गुरू सूर्याला सेकंदाला बारा मीटरच्या वेगाने डोलवतो. पृथ्वी लहान, ती डोलवते सेकंदाला फक्त नऊ सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या लेकराच्या चालीहूनही सावकाश. ग्रहाची खरी ओढ ही अशी असते. ती मोजता येते आणि कोणीही पुन्हा मोजून पाहू शकतो.

दुसरी युक्ती सावलीची. दिव्यासमोरून पाखरू गेले की उजेड कणभर कमी होतो. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचे तेजही तसेच घटते. दूरच्या कोणी आपल्या सूर्याकडे पाहिले, तर पृथ्वी आडवी जाताना त्याला सूर्याच्या उजेडाचा सुमारे बारा हजारावा हिस्साच कमी झालेला दिसेल. अमेरिकेची 'केपलर' दुर्बीण २००९ ते २०१८ अंतराळात राहून हेच मोजत होती. तिच्या कामातून अडीच हजारांहून अधिक ग्रह सापडले.

आपल्या देशातही हे काम होते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण अबूच्या पहाडावर आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली सुमारे सहाशे प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवती एक ग्रह पक्का केला. त्याचे वजन पृथ्वीच्या सत्तावीस पट आणि त्याचे वर्ष साडेएकोणीस दिवसांचे. पण तो इतका तापलेला आहे की तिथे पाण्याचा थेंबही टिकणार नाही.

शेकोटीपासून किती अंतरावर?

मग राहण्याजोगा ग्रह कोणता? माघाच्या थंडीत शेकोटीला बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. फार जवळ बसले तर भाजते, फार दूर बसले तर कुडकुडायला होते. मधल्या जागेत ऊब लागते. ताऱ्याभोवतीही असा मधला पट्टा असतो, जिथे पाणी पाण्याच्याच रूपात राहू शकते. शास्त्रज्ञ तिथले खडकाळ ग्रह शोधतात. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या अशा पट्ट्यात २०१६ साली एक ग्रह सापडला. २०१७ साली चाळीस प्रकाशवर्षांवरच्या एका मंद ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचे कळले. त्यातले काही याच पट्ट्यात आहेत.

पण शेकोटीजवळ जागा मिळाली म्हणजे अंगावर पांघरूण आहेच असे नव्हे. त्या ग्रहांवर हवा आहे का, पाणी आहे का, हे पाहायचे काम अजून चालू आहे. भारतात जन्मलेले केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२५ साली १२४ प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाच्या हवेत जीवसृष्टीची खूण असावी असे म्हटले. इतर शास्त्रज्ञांनी लगेच तपासून शंका घेतल्या आणि ते सिद्ध झालेले नाही. विज्ञानात मोठ्या माणसाचे म्हणणेही असे तपासले जाते. पत्रिका मांडणाऱ्याला मात्र कोणी पुरावा मागत नाही.

मेघनाद आणि बिभा

मुलचेरा तालुक्यात सुंदरनगरसारखी बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी ती जंगलात वसविली. त्यांच्याच मूळ मुलखातले, ढाक्याजवळच्या खेड्यातले मेघनाद साहा. जन्म ६ ऑक्टोबर १८९३, बाप किरकोळ दुकानदार. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या पंक्तीला बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० साली असे समीकरण मांडले की ताऱ्याच्या उजेडातल्या काळ्या रेषांवरून त्याची उष्णता कळू लागली. तारा किती तापलेला आहे हे ठाऊक असल्यावाचून ग्रहावर ऊब किती, हे सांगता येत नाही. पुढे साहा लोकसभेत निवडून गेले आणि निर्वासितांसाठीही झटले.

दुसरे नाव बिभा चौधुरी. कलकत्ता विद्यापीठात १९३६ साली एम.एस्सी. करताना पदार्थविज्ञानाच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. अहमदाबादच्या त्या प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले. पण १९९१ साली त्या वारल्या तोवर देशाने त्यांना कोणताही मोठा सन्मान दिला नाही.

२०१९ साली एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याची संधी भारताला मिळाली. लोकांकडून नावे मागविली आणि मते घेतली. ताऱ्याचे नाव ठरले 'बिभा'. ग्रहाचे नाव ठरले 'संतमस', म्हणजे ढगाळ. हे ग्रहाचे नाव सुचविणारा पुण्यातल्या शाळेत शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा होता. माघ-फाल्गुनात रात्री पूर्वेला मघा नक्षत्र वर येते, त्याच्या दक्षिणेला तो तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, लहान दुर्बीण लागते. त्या अंगणात आम्ही सर्वांना बोटाने ती जागा दाखविली.

ओसरीवर बसलेल्या शेजारच्या गोंड आजोबांनी सप्तर्षीला खाट म्हटले आणि मृगात नांगर दाखविला. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांचे हे आकाशज्ञान गावोगाव फिरून नोंदविले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले आहे.

सकाळी

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला, "ज्या घरी पत्रिका पाहतात, तिथे आम्हाला मुलगी द्यायची नाही." सोयरीक मोडली. आईच्या डोळ्यांत पाणी आले, मुलगी दिवसभर गप्प होती. असे बोलायला हिंमत लागते आणि त्याची किंमत घरालाच मोजावी लागते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच मुलाकडच्यांना आमची विनंती आहे की ही किंमत मुलीच्या घरावर टाकू नका. जन्मवेळ विचारूच नका.

धाकटीला अकरावीला विज्ञान घ्यायचे आहे. त्यासाठी घरापासून दूर वसतिगृहात राहावे लागेल म्हणून आई कचरत होती. आम्ही निघताना ती माउली म्हणाली, "ते वर्गात एकटीच होती म्हनता ना, ते बिभा? मंग हे बी जाईन जी." आता पोरीचा प्रवेश-अर्ज भरायची जबाबदारी आम्ही घेतली आहे.