संत्रा वर, जंबेरी खाली

सावनेरकडच्या संत्र्याच्या पन्हेरीत डोळे बांधायच्या आधी उपटाउपट चालते. जंबेरी लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा बसवतात; त्या जंबेरीच्या वाफ्यात बहुतेक रोपं एकसारखी. मधूनच एखादं दांडगं, एखादं खुरटं, एखाद्याचं पानच निराळं. कलम बांधणारे काका तेवढी नेमकी उपटून बांधावर टाकतात. दांडगं कशाला फेकता, असं विचारलं तर म्हणाले, “जास्त वाढलं तं बी कामाचं नाही, भाऊ.”

त्यांचं बरोबरच आहे. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात. बहुतेक कोंब आईच्याच पेशींतून आलेले, बापाचा वाटा नसलेले. म्हणून हुबेहूब आईसारखे. वेगळं दिसणारं रोप बहुधा संकराचं. त्याच्या मुळांत कोणता गुण उतरला, याची हमी कोण देणार?

पण आई जशीच्या तशी उतरली की तिचं दुखणंही उतरतं. जंबेरी जोमाने वाढते, फळ लवकर देते, मात्र फायटोफ्थोराला बळी पडते. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो, खोडातून डिंक गळायला लागतो. रंगपूर लिंबाचा खुंट तुलनेने बरा तग धरतो.

सर्वांत काटक मुळं त्रिपर्णी संत्र्याची. ती फायटोफ्थोराला दाद देत नाहीत. सूत्रकृमीने तोंड खुपसलं की त्याच्याभोवतीच्या पेशी स्वतःच मरतात आणि तो उपाशी राहतो. मग सगळीकडे हाच खुंट का नाही? कारण चुनखडीच्या जमिनीत तो पिवळा पडतो, आणि आपल्याकडे चुनखडीला तोटा नाही. रोगाशी लढणारा जनुक एकटा येत नाही, अख्खं झाड सोबत आणतो.

काकांनी पेन्सिलीएवढ्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल उभी-आडवी चिरली. डोळकाडीवरून ढालीसारखा डोळा काढून आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळला. उंची महत्त्वाची. पुढे बागेत मातीची भर लागून हा सांधा बुजला, तर ओल आणि फायटोफ्थोरा थेट संत्र्याच्या सालीला भिडतात. मग खुंट कितीही काटक असो, उपयोग नाही. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावतात तेही यासाठीच.

गिऱ्हाईक मात्र कलमाची उंची आणि भाव विचारतं. खुंट कशाचा, हे विचारणारे थोडेच.